तोफांसमोर बूट

बहारिनमध्ये अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मी सेफ्टी बघतो. म्हणजे दिवसभर लोकांवर बुटांवरून ओरडतो. गेल्या हिवाळ्यात इथल्या बंदरात एक शिडाची युद्धनौका म्युझियम म्हणून उभी होती, जुन्या जहाजासारखी हुबेहूब नव्याने बांधलेली. गावाहून आलेल्या आईला ती दाखवायला नेलं. चढायच्या फळीपाशी आईने चपला काढल्या.

"अगं, देऊळ आहे का हे? पायात खिळा जाईल!"

"वर तोफा आहेत ना? दसऱ्याला शस्त्रं काय चपला घालून पुजतोस?" म्हणत ती चढलीसुद्धा.

मागच्या बहारिनी कुटुंबाला वाटलं, नियमच असेल. त्यांनी सँडल काढल्या, त्यांचं बघून सगळ्या रांगेने. वरचा गाइड तर खूश झाला. जुने खलाशीही डेकवर अनवाणीच वावरायचे म्हणे, पाय घसरू नये म्हणून.

मी मात्र हट्टाने बूट घालूनच निघालो. सगळ्यांना अनवाणी बघून फळीपाशी उभ्या पहारेकऱ्यालाही तो नियमच वाटला. त्याने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "शूज मफी!" म्हणजे बूट चालणार नाहीत.

शेवटी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

आई वरून सगळ्यांदेखत ओरडली, "आणि हा म्हणे कारखान्याचे पाय सांभाळतो!"