तिसऱ्या मजल्याचे भांडणाचे टेबल

दिनांक ४ मार्च. सायंकाळच्या जेवणापूर्वी विद्यापीठाच्या भाषा-निवासाच्या भोजनगृहातून तिसऱ्या मजल्याचे टेबल दोन शिपायांनी उचलून भांडारात नेले. त्याच्या जागी एक कुंडी ठेवण्यात आली. टेबल कोणाच्या आदेशाने हलवले, असे मी विचारले असता "वरून सांगितलंय" एवढेच उत्तर मिळाले. ही नोंद मी जाणीवपूर्वक करून ठेवत आहे, कारण या संस्थेत जे लिहिले जात नाही ते घडलेच नव्हते असे पुढे सांगण्यात येते. कुंडीतले झाड प्लास्टिकचे आहे, हेही नोंदवतो.

ज्या वाचकांना या निवासाची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. इमारतीतील प्रत्येक मजल्याला एक भाषा दिलेली आहे. त्या भाषेचे विद्यार्थी त्या मजल्यावर राहतात आणि भोजनगृहात त्यांचे एक टेबल असते. टेबलावर बसले की तीच भाषा बोलायची. मीठ हवे असेल तर त्याच भाषेत मागायचे, नपेक्षा अळणी जेवायचे. ती भाषा घरात बोलत वाढलेली एक व्यक्ती प्रत्येक टेबलावर नेमलेली असते. तिचे पदनाम 'भाषासोबती', आणि तिचा मोबदला म्हणजे मजल्यावरची एक खोली व दोन वेळचे जेवण. मी पहिल्या मजल्याला व्याकरण शिकवतो, परंतु गेली काही वर्षे जेवायला तिसऱ्या मजल्याच्या टेबलावर बसत आलो, तेही विद्यार्थी म्हणून. तिथल्या भाषासोबती म्हणजे आत्याबाई. सगळा मजला त्यांना आत्या म्हणतो. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

आत्याबाई इथे येण्यापूर्वी आपल्या डोंगरातल्या गावी बस आगाराच्या तक्रार-खिडकीत नोकरी करीत. चुकलेली गाडी, हरवलेली वळकटी, उर्मट वाहक, थांब्यावर न थांबलेला चालक, या सर्वांचा संताप त्या एका चौकोनातून त्यांच्या अंगावर येई. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो झेलला. मी एकदा विचारले, की कंटाळा कसा आला नाही? त्या म्हणाल्या, "मास्तर, माणूस तावातावानं बोलतोय तोवर आपल्याला काळजी नाही. 'जाऊ द्या' म्हणून जो वळला, तो पुन्हा आपल्या गाडीत बसत नाही." मी अनेक वर्षे अनेक कार्यालयांना अर्ज करीत आलो आहे. पलीकडे असा विचार करणारे कोणी बसलेले मला आजवर भेटले नव्हते.

पती वारल्यावर लेकीने त्यांना या शहरात आणले. लेक परिचारिका आहे, घर दोन खोल्यांचे, त्यात सासू-सासरे. आत्याबाईंच्या वाट्याला बैठकीतला सोफा आला. "जावई बरा आहे हो," त्या सांगतात. "पण त्यांची मॅच संपेपर्यंत मला झोप आलेली चालत नाही." मग लेकीनेच या पदाची जाहिरात पाहिली. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली लहान आहे, नळ गळका आहे (याबाबतचा माझा अर्ज प्रलंबित आहे), पलंग करकरतो. तरी आतून कडी लावता येईल अशी ती त्यांच्या आयुष्यातली पहिली खोली. प्रथम त्या माहेरी बहिणींच्या रांगेत झोपल्या, मग सासरी जावांच्या, मग सोफ्यावर. आज जे पणाला लागले आहे ते हे: ही कडी.

नेमणुकीच्या पहिल्याच सायंकाळी एका हुशार विद्यार्थ्याने उभे राहून, पाठ्यपुस्तकातून थेट उचलल्यासारखे, त्यांचे स्वागत केले. "आपल्या भेटीने मला अत्यंत आनंद झाला आहे. आज हवामान आल्हाददायक आहे."

"कुठलं आल्हाददायक?" आत्याबाई कडाडल्या. "ही खिडकी कोणी उघडी टाकली? माझ्या मानेत वारं शिरलंय!"

विद्यार्थी गोंधळला आणि म्हणाला, "धन्यवाद."

त्या क्षणी आत्याबाईंच्या लक्षात आले की या मुलांना आभार मानता येतात, रस्ता विचारता येतो, आजोबांचा व्यवसाय सांगता येतो. मात्र त्यांच्या पायावर कोणी पाय दिला तर ती त्याचे स्वागत करतील. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. टेबलावर येताना प्रत्येकाने एक खरी कुरकुर आणायची. सूप गार आहे, शेजारी गातो, आत्याच मोठ्याने घोरते, काहीही चालेल; मात्र खोटी चालणार नाही. ती घेऊन आत्याशी त्यांच्या भाषेत भांडायचे. भांडण अर्धवट टाकून उठायचे नाही. जो हरेल त्याने दोघांची ताटे धुवायची.

पहिल्या महिन्यात ताटे फक्त मुलांनीच धुतली. वर्षअखेरीस आत्याबाईंचे हात साबणाने भेगाळले होते आणि त्या ते हात लेकीला कौतुकाने दाखवीत होत्या. त्यांच्या टेबलावरची एक मुलगी पुढे अभ्यासासाठी त्या डोंगरात गेली. वाहकाने तिला भलत्याच थांब्यावर उतरवायला घेतले, तेव्हा तिने दारात उभे राहून अख्खी बस डोक्यावर घेतली. गाडी तिच्या थांब्यापर्यंत गेली, वर वाहकाने तिचे सामान खाली उतरवून दिले आणि विचारले, "कोणाची गं तू?" तिने फोनवर हे सांगितले तेव्हा आत्याबाई खुर्चीतून उठून नाचायच्याच बाकी होत्या.

माझी प्रगती मात्र यथातथा. सुपातील मिठाच्या प्रमाणाविषयी मी एकदा सुसूत्र युक्तिवाद मांडला. आत्याबाईंनी हनुवटीला हात लावून तो पूर्ण ऐकला.

"मास्तर, तुमचं भांडण इस्त्री करून आणलंय. चुरगाळा जरा."

टेबल हसले. मी ताटे धुतली.

गेल्या वर्षी नव्या संचालिका आल्या. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. हेतू सर्वांचेच उत्तम असतात. त्यांनी 'सौहार्दपूर्ण भोजन' नावाची योजना आणली आणि प्रत्येक टेबलावर संभाषणाच्या विषयांची रंगीत कार्डे ठेवली. छंद. ऋतू. आवडता रंग. आवडता रंग या विषयावर सुदृढ मनुष्य किती वेळ बोलू शकतो, हे मी लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही. दुसऱ्या मजल्याचे टेबल हल्ली इतके शांत असते की चमच्यांचा आवाज येतो. आत्याबाईंनी ती कार्डे डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल स्थिर झाले, आणि योजनेचा एवढा एक लाभ मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

आता त्या मुलीविषयी, जिला सगळे मौनी म्हणत. ती वर्गात पहिली येई आणि टेबलावर 'हो' व 'नाही' यांपलीकडे जात नसे. तिची कुरकुर कधीच नसे. आत्याबाईंनी हळूहळू तिच्याकडून एवढे काढले, की तिच्या घरी कोणी आवाज चढवीत नसे. आईवडील एकमेकांना एकही वाकडा शब्द न बोलता वेगळे झाले, आणि वडिलांची बॅग दाराशी दिसली तेव्हाच हिला ते कळले. तेव्हापासून ती सर्वांनाच सांभाळून बोलत होती.

आत्याबाईंनी तिची खुर्ची घेतली. खिडकीजवळची, मौनीची रोजची. पहिल्या दिवशी मौनी निमूटपणे दुसरीकडे बसली. दुसऱ्या दिवशीही. आत्याबाई रोज तिथेच बसत आणि "काय छान हवा येते इथं!" असे मोठ्याने म्हणत. मला ते क्रूर वाटले व मी तसे बोललो. "थांबा हो," एवढेच त्या म्हणाल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सायंकाळी मौनी ताट घेऊन आली, खुर्चीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "उठा."

"का म्हणून? तुझं नाव लिहिलंय?"

"मी रोज इथं बसते. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मुद्दाम करता!"

"करते मुद्दाम. काय करशील?"

"उठणार नाही तोवर इथंच उभी राहीन. आणि तुमचं सूप गार होईल. आणि… आणि तुम्ही घोरता!"

वाक्यात चुका होत्या. व्याकरणाचा अध्यापक म्हणून सांगतो, त्या चुका मी मोजल्या नाहीत. त्या दोघी पुष्कळ वेळ भांडल्या, भोजनगृह रिकामे होईपर्यंत. अखेर आत्याबाई उठल्या, हरल्या, आणि ताटे धुवायला गेल्या. मौनीही मागोमाग गेली आणि मोरीपाशी त्यांच्या खांद्याला डोके लावून हमसून रडली. "गेले नाही ना गं मी कुठं?" आत्याबाई ओल्या हाताने तिची पाठ थोपटीत म्हणत होत्या. "भांडलीस, तरी इथंच आहे ना?"

नेमक्या त्याच वेळी संचालिका दारावरून गेल्या. त्यांनी रडणारी मुलगी पाहिली. त्याचा परिणाम म्हणजे ती कुंडी.

त्यानंतरच्या आठवड्यात निवासाच्या समितीपुढे सुनावणी झाली. मी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून उपस्थित होतो. लेकीने आत्याबाईंना आदल्या दिवशी बजावले होते, "आई, तिथं तोंड उघडू नकोस. खोलीही घालवशील." म्हणून आयुष्यभर इतरांची भांडणे अंगावर घेतलेली ही बाई स्वतःच्या प्रकरणात मांडीवर हात ठेवून बसली आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणाली, "मॅडम म्हणतील तसं."

मौनीला विचारण्यात आले, "तुला तिथे त्रास झाला का?"

"नाही," मौनी कार्यालयीन भाषेत पुटपुटली.

"घाबरू नकोस. मोकळेपणाने सांग."

मौनी एकदम आत्याबाईंकडे वळून तिसऱ्या मजल्याच्या भाषेत उसळली. "मॅडम म्हणतील तसं? हे काय चाललंय? मला रोज भांडायला लावलंस, आणि आता स्वतः गप्प?"

"बस खाली. मोठ्यांच्या मध्ये—"

"नाही बसत! तुला जायचंय ना? बॅग भरून ठेवलीस ना? पाहिली मी, पलंगाखाली! सांगायचं तरी होतंस!"

"अगं पोरी, लेकीला शब्द दिलाय मी…"

"मग मला काय दिलंस?"

संचालिकांना त्या भाषेतले अक्षरही कळले नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि समितीकडे वळून म्हटले, "पाहिलंत? हेच मी म्हणत होते." मी उभा राहून प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगू लागलो, तर तो 'कामकाजाचा भाग नाही' असे ठरले.

निर्णय असा: टेबल बंद. आत्याबाई कार्डांवरील विषयांपुरते बोलण्याचे लेखी मान्य करतील तर खोली राहील. अन्यथा महिनाअखेर रिकामी करावी.

आत्याबाईंनी तो कागद वाचून घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या कार्यालयीन भाषेत, अगदी सावकाश म्हणाल्या, "मॅडम, गप्प बसायचं तर लेकीचा सोफा आहे की. तिथं टीव्ही पण आहे." सही केली नाही. बाहेर व्हरांड्यात त्यांचे आणि मौनीचे राहिलेले भांडण पुढे चालू झाले. शिपाई चहा सोडून ऐकायला आले. मौनीचे म्हणणे एवढेच, की न लढता जायचे नाही. आत्याबाई लेकीचे नाव पुढे करीत राहिल्या, मग जावयाचे, मग गुडघ्यांचे; आणि हरल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, लेकीला मी सांगते काय ते. तुमचा अर्ज लिहिण्यात हात बसलाय. माझा एक लिहा. आणि या वेळी इस्त्री नको."

अर्ज लिहिला आहे, दाखल झाला आहे. नियमानुसार अशा अर्जावर निवासाच्या सर्वसाधारण सभेत मतदान घ्यावे लागते, आणि त्यात आजी व माजी दोन्ही निवासींना मत असते. ही सभा २८ मार्च रोजी सायंकाळी भोजनगृहात आहे. दरवेळी अशा सभेला गणसंख्या भरत नाही आणि प्रशासनाचा निर्णय आपोआप कायम होतो. प्रशासनाची भिस्त यावेळीही त्यावरच आहे. लेक रजा टाकून येणार आहे, आईशी कडाक्याचे भांडण करून झाल्यावर.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण या निवासात राहून गेला आहात. आपली सहानुभूती मला नको, ती टपालाने पाठवू नये. २८ तारखेला स्वतः या, आत्याबाईंची खोली आणि तिसऱ्या मजल्याचे टेबल कायम ठेवण्याच्या बाजूने हात वर करा, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत जागेवरून उठू नका.