काळ्या पिशवीतला बर्फ

श्री. विश्वासराव टिपणीस यांच्याशी माझा परिचय सत्तरच्या दशकात बाहरीनमधील झल्लाकच्या किनाऱ्यावर झाला, आणि तो वादाने झाला. वॉटर स्कीइंगवरील त्यांचा पहिला लघुपट पाहून मी म्हणालो, "क्षितिज तिरके आहे."

"धावत्या बोटीत पालथा पडलो होतो, साहेब. पुढच्या खेपेला तुम्ही माझे पाय धरा!"

मी खरोखरच धरले. क्षितिज सरळ आले.

मालवणकडे जन्मलेल्या या इंजिनिअरांनी पुढे बर्फाचा ध्यास घेतला. वर्षाची सारी रजा गुलमर्गच्या उतारांवर घालवायची, स्कीपटूंच्या बरोबरीने कॅमेरा घेऊन उतरायचे, आणि न धुतलेली रिळे बाहरीनमार्गे युरोपातील प्रयोगशाळेत पाठवायची, हा त्यांचा शिरस्ता.

अशाच एका खेपेला आम्ही सोबत बाहरीनला परतलो. विमानतळावर कस्टम्सच्या अरब अधिकाऱ्यांनी टिपणीसांच्या सामानातला पत्र्याचा बंद डबा उचलला.

"सदीक, ये क्या? खोलो!" 'सदीक' म्हणजे दोस्त, ही त्यांची सर्वांनाच हाक.

"फिल्म है. उजाला लगा, तो खलास."

"कैसा फिल्म?"

"बरफ का."

मागच्या रांगेत हशा पिकला. अधिकारी हसले नाहीत. त्यांचे नख डब्याच्या चिकटपट्टीखाली शिरले.

"कोरी आहे म्हणून सांगा," मी कुजबुजलो.

"कोरी असती तर उघडू दिली नसती का?" असे म्हणून टिपणीसांनी दोन बाह्यांची काळी पिशवी काढली, जिच्यात हात घालून छायाचित्रकार अंधारात रीळ हाताळतात. डबा आत ठेवून त्यांनी चेन लावली. "हाथ डालो. खुद देखो."

अधिकाऱ्यांनी बाह्यांत हात घालताच टिपणीस म्हणाले, "पहले अंगूठी निकालो, साब."

 अधिकाऱ्यांनी चिडून चेन ओढली असती, तर वर्षाची मेहनत तिथेच संपली असती. पण ओरखडा उमटलेली फिल्म टिपणीसांच्या लेखी तितकीच वाया गेलेली होती. अधिकाऱ्यांनी रोखून पाहिले. मग अंगठी टेबलावर ठेवली.

"सिर्फ किनार. आहिस्ता."

पिशवी हलत राहिली. "मफी कुछ. फीता है," अधिकारी अखेर म्हणाले, म्हणजे काही नाही, नुसती फीत आहे.

"डब्बा अंदर ही बंद करो. फिर हाथ बाहर."

"साब कौन, तुम या मैं?" आता मात्र ते हसले. डबा बंद झाला. "यल्ला, जाओ!"

माझी पसंती सहजी लाभत नाही, हे आमच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. धुऊन आलेली ती फिल्म मी भिंगातून तपासली. एकही ओरखडा नव्हता.

आज साठीच्या उंबरठ्यावरील टिपणीसांना सलमानिया इस्पितळातील डॉक्टर गुडघ्यांसाठी बर्फ वर्ज्य सांगतात, आणि ते "इंशाल्ला" म्हणून विषय बदलतात. त्यांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. गुडघे वयानुसार थोडे नरमले तर नरमोत. हट्ट तसूभरही न नरमो.