दिवसाला सातशे मिली

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसांना एका खोलीत, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास झोपवा आणि सांगा, एक हात अजिबात हलवायचा नाही. आपोआप साठतात! माझ्याकडे आता इतके साठलेत, की जेवताना मी सुरू झाले की मुलगी विचारते, "आई, तू डायलिसिसला जातेस की भिशीला?"

मी शाळेत मराठी शिकवायचे. माझ्या किडन्या माझ्याआधी रिटायर झाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाच्या शिफ्टला मी सिल्व्हर पार्कजवळच्या एका छोट्या सेंटरमध्ये असते. हातात दोन सुया, शेजारी मशीन. रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं. खोलीत आम्ही चौघं. मला सगळे टीचर म्हणतात, त्यामुळे खोलीत शिस्त राखणं माझ्याकडेच आलंय.

किडनी बंद म्हणजे पाणी बाहेर जायचा रस्ता बंद. म्हणून आत जाणारं मोजायचं. मला दिवसाला सातशे मिली. त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला. शिवाय केळं नको, आंबा नको, नारळपाणी नको, खारट नको. डाएटिशियन यादी लिहीत होती तेव्हा मी म्हटलं, "बाई, काय खायचं तेवढंच लिहा. कागद वाचेल."

पण आमच्या खोलीत एक अलिखित कायदा आहे. पहिला तास आपला! मशीन चालू झालं, की पहिल्या तासात ज्याला जे वर्ज्य असेल ते त्याने घासभर खायचं. उरलेले तीन तास मशीन ते धुऊन काढणारच, असं आमचं शास्त्र. डॉक्टरांना ते मान्य नाही. आमची टेक्निशियन स्नेहल त्या तासात फाइली लिहीत बसते आणि मान वर करत नाही. देव तिचं भलं करो.

*

बेड नंबर दोनवर जयंतीभाई. भाईंदरला त्यांचं फरसाणचं दुकान आहे. जन्मभर गावाला चटकदार खाऊ घातलं आणि आता स्वतःला मीठ चिमूटभर.

आल्या आल्या आमचं वजन होतं. मागच्या वेळेपेक्षा जितकं जास्त, तितकं पाणी अंगात साठलेलं. म्हणजे वजनकाटा हा आमच्या प्रगतीपुस्तकावरचा शेरा! एकदा भाचीचं लग्न करून जयंतीभाई आले आणि काटा चार किलो वर गेला.

"कपडा भारी है, बेटा," जयंतीभाई म्हणाले.

जयंतीभाईंनी जाकीट काढलं. मग घड्याळ, चष्मा, मोबाइल, पट्टा. काटा ढिम्म हलेना. शेवटी त्यांनी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि मोठ्या आशेने खाली बघितलं.

स्नेहल म्हणाली, "काका, दात काढून काही होणार नाही. लग्नात त्यांनी जे खाल्लं, ते काढायचंय!"

*

बेड नंबर चारवर अन्वरभाई. आधी रिक्षा चालवायचे, आता त्यांचा मुलगा चालवतो. आमच्यात सगळ्यात कडक पथ्य त्यांचं. दिवसाला बर्फाचे आठ खडे, तेही मोजून तोंडात ठेवायचे.

मे महिन्यात त्यांच्या रिक्षास्टँडवरचा एक जुना दोस्त त्यांना भेटायला आला. अन्वरभाईंनी त्याला हाताला धरून रसाच्या गाडीवर नेलं. "एक मोठा ग्लास, आलं-लिंबू मारके!" रस आला. दोस्त बिचारा अवघडला. आजारी माणसासमोर कसा पिणार? अन्वरभाई म्हणाले, "पी." तो संकोचाने ग्लास तोंडाला लावून घटाघट उरकायला लागला.

अन्वरभाईंनी त्याचा दंड धरला. "आहिस्ता पी यार. मैं भी पी रहा हूँ."

हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं. मी त्या दिवशी घरी जाऊन माझा दुपारचा अर्धा कप चहा वीस मिनिटं पुरवला. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यायलेले नाही, आणि केला मीच होता!

*

बेड नंबर तीन म्हणजे दामूदादा म्हात्रे, मोरवा गावचे. पूर्वी मिठागरावर कामाला होते. आमच्या खोलीतलं मोठं प्रकरण त्यांचंच. त्यांची बायको, गुलाबवहिनी, त्यांना स्वतःची किडनी द्यायला तयार होती. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. डॉक्टर तयार, मुलगा तयार, आणि दामूदादाच हो म्हणेनात! आठ महिने! मीही समजावून समजावून थकले.

"ती एवढी राबते, टीचर. तिला काय झालं तर?" एवढंच बोलायचे आणि भिंतीकडे बघायचे.

जयंतीभाई रोज सुई टोचून घेताना विचारायचे, "क्यों दामू, हाँ बोला?"

"बघू."

गुलाबवहिनी पहाटे नवऱ्याला सेंटरवर सोडणार, भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी लावणार आणि दहाला परत न्यायला हजर. एकदा बाजार बंद होता, तर बाई बाहेरच्या बाकड्यावर सुका जवळा निवडत बसली! एसी चालू. जवळ्याचा वास थेट आमच्या खोलीत. सुकी मासळी आम्हाला विषासमान. तीन वर्षं मी ती नाकाने बघितलीसुद्धा नव्हती. मी डोळे मिटून घेतले. दामूदादांनीही मिटले.

जयंतीभाई पक्के शाकाहारी. त्यांनी घाईघाईने मोकळ्या हाताने रुमाल काढून नाकाला लावला.

चार नंबरवरून अन्वरभाई म्हणाले, "जयंतीभाई, आपको नहीं चाहिए तो अपने हिस्से की हवा इधर भेज दो ना!"

*

लोक भेटायला येतात आणि "पॉझिटिव्ह राहा" म्हणतात. मला राग येतो. त्यापेक्षा आंब्याची एक फोड आणा ना!

माझ्या भावाला मात्र कळतं. त्याने रत्नागिरीहून पेटी पाठवली, त्यातला एक हापूस मी डब्यात घालून नेला. एकच. चौघांत चार फोडी, आणि बाठा स्नेहलला. मशीनं चालू झाली, डबा फिरला, आणि सगळ्यांनी एकदमच फोड तोंडात टाकली. खोलीत असा शांतपणा, की मशीनचा आवाजही मोठा वाटायला लागला.

आणि दार उघडून डॉक्टर आत! ते कधीच नवाच्या आत येत नाहीत.

"काय टीचर, कसं वाटतंय?" मी मान डोलावली. "जयंतीभाई?" मान डोलली. "अन्वरभाई, बीपी ठीक?" मान डोलली. दामूदादांनी तर विचारायच्या आधीच डोलावली. गिळायला कोणी तयार नव्हतं. वर्षाची एक फोड, ती काय अशी भीतीपोटी गिळायची?

डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. हापूसचा वास काय लपतोय? ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "स्नेहल, बाठा कोणाला?"

स्नेहल बेसिनकडे तोंड करून उभी होती. ती काही वळली नाही.

*

आता जरा नाजूक विषय. चारचौघांत काढत नाहीत, पण आमच्याकडे हवापाण्यासारखा निघतो. किडनी बंद पडली की हळूहळू लघवी होणंही बंद होतं. ज्याला अजून थोडी होते, तो आमच्यात श्रीमंत! दामूदादांना चार वर्षांत थेंब नव्हता.

एका सोमवारी गुलाबवहिनी डबा द्यायला आत आल्या त्या तावातावानेच. "इचारा टीचर त्यांना, काल काय केलं त्ये!"

गावची बस कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेली होती. वाटेत बस थांबली. सगळे पुरुष उतरले आणि रस्त्याकडेला रांगेत उभे राहिले. दामूदादाही उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"कामच न्हाय तर उतरायचं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "गुडघं दुखतात, आनि उतरतात!"

दामूदादा ओशाळे हसले. "आठवन ऱ्हावी म्हनून उभा ऱ्हायलो, टीचर. उद्या परत चालू झाली, आनि मी इसरलेला असलो तर?"

आम्ही सगळे हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि तिथेच, आमच्यासमोर, म्हणाल्या, "घरावर स्लॅब टाकला तवा माझ्या पाटल्या मोडल्यात. तवा न्हाय लाजलात. आता कशाला लाजता?"

दामूदादा भिंतीकडे बघायला लागले.

"तकडं भिंत हाय. मी हकडं हाय."

पुढच्या खेपेला जयंतीभाईंनी विचारायच्या आधीच दामूदादांनी सांगितलं, "हो बोललो."

*

मग कमिटी. किडनी देणाऱ्यावर कोणी जबरदस्ती करत नाही ना, हे बघायला हॉस्पिटलमध्ये दोघांची मुलाखत होते. मोठ्या टेबलापलीकडे चार-पाच जण, समोर कॅमेरा. शिकलेली माणसंही तिथे गडबडतात.

त्यांनी वहिनींना विचारलं, "तुमच्यावर घरच्या कोणाचा दबाव आहे का?"

"हाय ना साहेब," वहिनी म्हणाल्या.

टेबलावरची पेनं थांबली. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब पुढे झुकले. "कोणाचा दबाव आहे? न घाबरता सांगा."

"माझाच हाय. त्यांच्यावर!"

*

ऑपरेशन बुधवारी झालं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. तीन नंबरचा बेड रिकामा. स्नेहलने त्यावर दुसऱ्या कोणाला घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही आलो तेव्हा तिने आधीच फोन करून ठेवला होता. दोघंही शुद्धीवर होती, बरी होती. "पण किडनी अजून चालू झालेली नाही," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी. नवी किडनी काही दिवस झोपून राहते. वाट बघायची."

"आणि नाहीच चालू झाली तर?" मी विचारलं.

तिने मशीनचं एक बटण उगाचच दाबलं.

शनिवार गेला, रविवार गेला. मला सारखं एकच दिसत होतं, एवढं सगळं करून दामूदादा परत तीन नंबरवर, आणि वहिनींची एक किडनी फुकट गेलेली. तो माणूस परत तोंड वर करून बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. हो म्हणायला मीही त्याला भरीला घातलं होतं. मी देवाला हात जोडणारी बाई नाही. पण रविवारी जोडले.

सोमवारी पहिला तास सुरू झाला आणि कोणी डबाच उघडला नाही. जयंतीभाईंच्या डब्यात दुकानातल्या खारट गाठ्या होत्या, अन्वरभाईंकडे खजूर. तसेच पडून. साडेसातला स्नेहलचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. दामूदादांचा मुलगा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याला बोलता येईना, नुसताच हसत होता आणि रडत होता.

"झाली!" तो म्हणाला. "अण्णांना झाली! पहाटेपासून चालूच आहे. दोन लिटर!"

"दो लीटर!" अन्वरभाई ओरडले. "माशाल्ला! दो लीटर!"

टाळ्या वाजवायच्या होत्या, पण वाजवणार कशा? प्रत्येकाचा एक हात सुयांमध्ये. मग आम्ही तिघांनीही मोकळ्या हाताने पलंगाचे लोखंडी कठडे बडवायला सुरुवात केली. मशीन बिघडलं असं वाटून रिसेप्शनिस्ट धावत आली. तिला काय सांगणार? जयंतीभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मॅडम, हमारे दामू को पेशाब हुआ!" ते म्हणाले, आणि पेढे वाटावेत तशी तिच्या हातावर एक गाठी ठेवली.

मुलाने फोन वहिनींच्या वॉर्डात नेला. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, एक हात पोटावरच्या टाक्यांवर.

"वहिनी," मी म्हटलं, "आमचा पाच दिवस जीव टांगणीला होता हो! किडनी चालूच होईना. तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती कसली, टीचर?" गुलाबवहिनी म्हणाल्या. "माझी हाय ती. नव्या घरी आली, चार दिस बुजली. पन बसून खायाची सवय न्हाय तिला."