रिकामा पाट

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात वाटेतल्या एका गावात माझी भंडाऱ्याची एसटी चुकली, म्हणून तिथल्या मूर्तींच्या छपरीत जाऊन बसलो. नांगरताना सापडलेल्या जुन्या दगडी मूर्ती गावकऱ्यांनी तिथे मांडल्या होत्या. त्यांची राखण करणारा म्हातारा, नातवाचं तोंड पुसावं तसा, धोतराच्या सोग्याने एकेकीची धूळ पुसत होता. एका मूर्तीला डोकं नव्हतं. तिच्याशेजारी रिकामा पाट होता.

“हा पाट काहून?” मी विचारलं.

“डोस्कं कोनाच्या तरी वावरात हाय. आलं का बसाले जागा पायजे ना!”

मी हसलो. त्याने लक्षच दिलं नाही. पाटही पुसून घेतला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. पण अजूनही माझ्या वावरात नांगर अडला, की मी बैल थांबवून वाकतो आणि दगडाला नाक आहे का, ते चाचपून बघतो.