अप्पांच्या खांद्यावरचा हात

चौकातल्या फ्लेक्सवर अप्पांच्या खांद्यावर जो तुटका हात दिसतोय, तो बलजीतकाकांचा आहे.

बुधवारी अप्पा गेले. माझे वडील.
भावाने घाईत जुना फोटो दिला. फ्लेक्सवाल्याने शेजारचा माणूस कापून टाकला. हात तेवढा राहिला.

काल अर्धापूरच्या घरी भेटायला आलेला जो तो विचारत होता, हा हात कुणाचा. म्हणून लिहितेय. बलजीतकाकांना मी पाहिलेलं नाही. सांगतेय ते सगळं अप्पांकडून ऐकलेलं.

एकाहत्तरची लढाई. दोघं दारूगोळ्याच्या ट्रकवर. अप्पा ड्रायव्हर, बलजीत शेजारी.

बलजीत पंजाबातला. अप्पा नांदेडकडचे आहेत हे कळल्यावर तो वयाने मोठा असून चक्क त्यांच्या पाया पडला. गुरूंच्या गावचा माणूस भेटला म्हणून.
मग विचारलं, गुरुद्वारात जातोस ना?

अप्पा म्हणाले, "हर इतवार."

अप्पांनी तोवर गुरुद्वारा फक्त बाहेरून पाहिला होता. तोही बाजाराला जाता-येता.

बलजीत खूश. लढाई संपली की तुझ्यासोबत येतो म्हणाला. अप्पांनी वर घरची केळी खाऊ घालायचंही कबूल केलं. तेव्हाच कुणीतरी हा फोटो काढला. दोघंही हसतायत.

लढाई संपायच्या आधीच बलजीत गेला.

अप्पांचा तिथला आणखी एकच फोटो आहे. स्टिअरिंगवर अप्पा. शेजारची सीट रिकामी.
त्या फोटोबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

फौजेतून परतल्यावर मात्र दर रविवारी नांदेड. खिशात दोघांचा फोटो, डोक्याला रुमाल, पिशवीत केळीची फणी.
लहानपणी मीही सोबत जायचे, तेव्हा विचारलं होतं, दर रविवारी इथंच का?

"थाप मारली होती, माय. खरी करून राहिलो."

आज रविवार.
भाऊ फोटो घेऊन उठला, तर चुलत्यांनी अडवलं. "सुतक हाय. देवाच्या दारात न्हाई जाता येत."

आई भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं फिटलंय. तू जा."

लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. या नियमाचा मला कायम राग. शुक्रवारी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा वाटलं, तीन दिवसांत बाप परका झाला?
आज तोच नियम पदरात बांधून निघाले. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

गुरुद्वारात चपला सांभाळणारे म्हातारे सेवादार अप्पांना ओळखतात. मलाही, लहानपणापासून. म्हणाले, "फौजी नहीं आए आज?"

फोटो माझ्या हातातच होता. गेले, हे काही तोंडातून निघेना.

"आए हैं," म्हटलं.

त्यांनी फोटो पाहिला. मग माझ्या डोळ्यांकडे. चपला ठेवून घेतल्या.

मी लातूरला राहते, नोकरी तिथं. दर रविवारी जमेल असं इथं लिहिणार नाही. पण अप्पा, तुमच्यासारखीच थाप मारून बसलेय. खरी करायला बघते.

फ्लेक्स उतरवायला सांगितलाय. तेराव्याला पूर्ण फोटो लावू.

बलजीतकाका, हात काढू नका.

या, अप्पा.