वडनेरची एकशे एक्केचाळीस मतं

चौऱ्याऐंशीच्या लोकसभेला आमचा धरित्री पक्ष उभा राहिला, तेव्हा अख्खा पक्ष एसटीच्या मागच्या बाकावर मावत होता. वर्ध्यातलं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान हेच कार्यालय. झाडं, पाणी, माती यांच्या बाजूनं बोलणारा एक तरी माणूस दिल्लीला पाठवायचा, एवढीच आमची उडी. लोक हसायचे. हसोत बापडे.

पण वडनेरला आनंदाबाई होत्या. चार एकर कपाशी, पन्नाशी उलटलेली, जीभ विळ्याहून धारदार. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला आलेल्या माणसांनी गावाबाहेरच्या अकरा कडुनिंबांची साल तासून त्यांवर शिक्के मारले होते. शिक्का पडला की झाड गेलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. बाईंनी बायका गोळा केल्या, शिक्क्यांवर शेण लिंपलं आणि प्रत्येकीला आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं झाडाला लावायला सांगितलं.

"आता हे आपल्या घरचं माणूस झालं. पाहू कोण हात लावते तं!"

तोडणारे आले, कुंकू बघून परत गेले. काम लांबलं. त्याच आठवड्यात मी बाईंना पक्षात घेतलं. खरं तर त्यांनीच मला घेतलं.

आमची निशाणी झाड. वडनेरनंही शंभर मतं दिली नाहीत तर पक्ष गुंडाळायचा, असं बैठकीत ठरलं. बाई म्हणाल्या, "शंभराले एक कमी पडलं तं माह्यं नाव बदलून ठेवजा." महिनाभर त्या दारोदार फिरल्या. सांगणं एकच, "झाड इसरू नका."

मतमोजणीला पक्षातर्फे मीच बसलो. वडनेरची पेटी उघडली. झाडाला मतं निघाली चार. मग बाद मतांचा गठ्ठा पाहिला. त्यात एकशे सदतीस मतपत्रिकांवर मताचा शिक्काच नव्हता. झाडाच्या चित्रावर कुंकवाचं बोट तेवढं उमटलेलं. मी भांड भांड भांडलो. अधिकारी भला माणूस, त्यानं शांतपणे नियम वाचून दाखवला. नियम त्याचाच बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी वडनेर गाठलं. बाई शेतात कापूस वेचत होत्या. मी झालं ते सगळं सांगितलं. शेजारच्या ओळीतली सुंदरा वेचता वेचता थांबली.

"झाडावर शिक्का कसा मारावा, भाऊ?" ती म्हणाली. "शिक्का पडला का झाड गेलं. मी कुंकू लावलं."

बाई खाली मान घालून वेचतच राहिल्या. मला रागच आला.

"काकू, त्या चारांत तुमचं तरी एक आहे ना?"

त्या मटकन शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसल्या. ओटीतला कापूस मातीत सांडला, तोही त्यांनी उचलला नाही.

"शिक्का हातात घेतला होता, रूपरावभाऊ. झाडापावतर नेला बी. पण माह्याच्यानं मारवला नाई." मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "माहीच चुकी. आता पक्ष गुंडाळसान ना?"

माझा राग कुठच्या कुठं गेला. मी खाली बसून सांडलेला कापूस त्यांच्या ओटीत भरला.

आठवड्यानं दुकानात बैठक बसली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली आणि वाचलं, "वडनेर, एकशे एक्केचाळीस."

मग दुसऱ्या गावाचं नाव वाचायला घेतलं.