चाळीस टक्क्यांचे पेढे

१४ जुलै २००९, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. बाबांची अँजिओग्राफी करून आम्ही आदल्या रात्रीच नागपूरहून गोंदियाजवळच्या गोरेगावला परतलो होतो. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, अंगणात अहवाल वाचत होते. धमनीत चाळीस टक्के अडथळा; स्टेंटची गरज नाही; गोळ्या कायम. पहिली दोन वाक्ये त्यांनी मोठ्याने वाचली, तिसरे गिळले. धानाच्या दलालीत मुरलेल्या माणसाला टक्का म्हणजे वजनातून कापायची ओलाव्याची घट: चाळीस गेले, साठ उरले, सौदा झाला. दुपारच्या आत त्यांनी घरोघर पेढे वाटले आणि बाबांना धानाच्या रोवणीवर, रोपे लावून घ्यायला, उभे राहायला सांगितले.

माझे संशोधन नेमके अशाच अडथळ्यांवर होते. धमनीतल्या चरबीच्या गाठीवर कोलॅजनच्या धाग्यांचे आवरण असते; ते फाटले की तिथे रक्त गोठून धमनी अचानक बंद होते. चरबी उपसायला आलेल्या रोगप्रतिकारक पेशी ती खाऊन फुगतात, त्यांतल्या कित्येक तिथेच मरतात, आणि उरलेल्या त्या धाग्यांनाच विरघळवतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या आवरणाच्या पट्ट्या मी यंत्रावर ताणून तोडत असे. पेशींची गर्दी जिथे अधिक, तिथे पट्टी कमी ताणात फाटे. गाठ केवढी, याला फारसा अर्थ नसे. पेशींची ही गर्दी म्हणजेच सूज; गोळ्या ती उतरवतात. हे मी मोठ्या बाबांना समजावले. अहवालात रुंदी मोजली आहे, मजबुती नाही, असेही सांगितले.

"तुह्या बापाची नस तू ताणून पाहिली का?" ते म्हणाले. "नाही नं? मंग कायले भेव दाखवून राहिली?"

थोरल्यापुढे बाबा कधी बोलत नसत. गोळ्यांनी पाय दुखतात, एवढेच ते माझ्याकडे न पाहता पुटपुटले. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. मी त्या पुन्हा ताटाशेजारी ठेवल्या, तर मोठ्या बाबांनी माझ्यादेखत त्या मोरीत ओतल्या. त्यानंतर मी त्यांच्या हातचे पाणीही घेतले नाही.

रोवणी संपत आली असताना बाबा छाती धरून बांधीच्या पाळीवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले आणि त्यांना उठवेना. गोंदियाच्या वाटेवर, जीपमध्ये, त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते.

"काही बोलून राहिला का?" पुढच्या सीटवरून मोठ्या बाबांनी विचारले.

"तुमच्यापुढे ते कधी बोलले?"

मी बाबांच्या दंडावरचा रक्तदाबयंत्राचा पट्टा पुन्हा आवळला. वरचा रक्तदाब अठ्ठावन्न. खालचा लागला नाही.